धुऱ्यावरच्या गोखरूवर पांढरं पडलं? पंप भरण्याआधी हे पाहा

दसरा झाला, सोयाबीनच्या गंज्या लागल्या की माझा फोन वाजायला लागतो. बोलणं दरवर्षी तेच. "ताई, धुऱ्यावरच्या गोखरूवर पांढरं पांढरं पडलं. आता पराटीवर येईन का वो? कोनतं औषध मारू?" विचारणाऱ्याचा पंप बहुतेक वेळा भरून तयारच असतो, फक्त नाव सांगायची खोटी. (आमच्याकडे धुरा म्हणजे शेताचा बांध आणि पराटी म्हणजे कपाशी.)

मी वर्धा जिल्ह्यात कृषी सखी म्हणून काम करते. या एका तक्रारीपायी इतकी वावरं पालथी घातली आहेत की आता पांदणीवरूनच, म्हणजे शेताच्या वाटेवरूनच, अर्धा अंदाज येतो. तरी उतरते आणि पान उलटून पाहते, कारण माझा अंदाज एकदा साफ चुकला होता, तोही घरच्याच वावरात. ते पुढे येईलच.

आधी मुख्य गोष्ट. धुऱ्यावरच्या फुलझाडांवर बुरशी असते, दरवर्षी असते. त्यातली बहुतेक पराटीला, तुरीला, सोयाबीनला हात लावत नाही. पण तिच्यासारख्याच दिसणाऱ्या एक-दोन गोष्टी धुरा ओलांडून पिकात येतात, आणि त्या बुरशी नसतातच. म्हणून बुरशीनाशक दोन्हीकडून वाया जातं.

लोक काय काय दाखवतात

गोखरूच्या खालच्या, जून पानांवर पीठ भुरभुरल्यासारखा पांढरा थर. अंगणातल्या झिनियावर आणि सूर्यफुलावरही तसाच.

गोखरूच्या पानावर वरून पिवळे ठिपके आणि त्याच जागी मागच्या बाजूला चॉकलेटी रंगाच्या घट्ट टिकल्या.

गाजरगवताच्या शेंड्याला, पेराच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके.

करडीच्या पानावर काजळी धरल्यासारखा काळा, चिकट थर. झेंडूच्या पानावर वाटोळे तपकिरी डाग, त्यात एकात एक कडी. गाजरगवताची पांढरी फुलं हिरवी होऊन पानासारखी दिसणं (याला लोक "फूल पलटलं" म्हणतात).

आणि याच दिवसांत, नेमकं याच दिवसांत, पराटीच्या खालच्या पानांवर दही शिंपडल्यासारखे पांढुरके डाग. सगळी घबराट या शेवटच्या लक्षणामुळे होते.

गोखरू म्हणजे इथे कपड्याला, बैलाच्या शेपटीला चिकटणाऱ्या काटेरी फळांचं उंच झाड. पुस्तकात त्याला शंखेश्वर म्हणतात. पायात रुततो तो सराट्याचा गोखरू वेगळा, त्याचं कूळही वेगळं. औषधी गोखरू म्हणून दुकानात मिळतो तो सराट्याचा. फोनवर हा घोळ इतक्यांदा झालाय की मी आता "शेपटीचा का पायाचा?" असंच विचारते.

पहिली तपासणी: ओलं फडकं

खर्च शून्य. ओल्या फडक्याने पान एकदाच पुसा.

पांढरं सगळं निघालं, खालचं पान हिरवंगार आणि फडक्यावर मातकट रंग आला, तर ती धूळ. हसू नका. सोयाबीनची मळणी चालू असते तेव्हा थ्रेशरचा बारीक भुसा वाऱ्याच्या बाजूच्या धुऱ्यावर असा बसतो की चार पावलांवरून हुबेहूब भुरी वाटते. पांदणीला लागून असलेल्या वावरात तर ट्रॅक्टर-बंडीची धूळ वर्षभर असते. दहातल्या दोन-तीन फोनांचा निकाल इथेच लागतो.

थर पुसला गेला पण खाली पान पिवळट, डागाळलेलं राहिलं, तर भुरी. भुरी ही पानाच्या वरच राहणारी बुरशी. तिचे धागे पानावर पसरतात आणि जागोजागी पानाच्या वरच्या पेशीत बारीक मुळ्यांसारखी टोकं खुपसून रस ओढतात. वरचं पीठ म्हणजे तिची बीजं. ती पुसली जातात, रुतलेली टोकं नाही. म्हणून चार दिवसांनी पान परत पांढरं होतं आणि लोक म्हणतात, पावसानं धुतलं तरी आलंच.

हात लावल्यावर चिकट लागलं, तर पुढचं काही न वाचता तिसऱ्या तपासणीवर जा.

दुसरी तपासणी: पान उलटा, मग उजेडाकडे धरा

भुरी बहुतेक पानाच्या वरच्या अंगाला आधी दिसते. तांबेरा, म्हणजे तांबड्या-तपकिरी टिकल्या आणणारी बुरशी, उलट्या अंगाला. त्यामुळे उभ्या-उभ्या पाहणाऱ्याला भुरी दिसते आणि तांबेरा सुटतो.

गोखरूचा तांबेरा ओळखायला सोपा आहे. पान उलटलं की मसुराएवढी, कधी त्याहून मोठी, गर्द चॉकलेटी टिकली. बोट फिरवा: सूर्यफुलाच्या तांबेऱ्याची जशी तपकिरी पूड बोटाला लागते तशी इथे लागत नाही, टिकली घट्ट बसलेली असते. याचं कारण त्या बुरशीच्या जातीत आहे. तिचं नाव पक्सिनिया झँथी. बऱ्याच तांबेऱ्यांना चार-पाच प्रकारची बीजं असतात, काहींना जगायला दोन वेगळी झाडंही लागतात. हिने सगळं आवरतं घेतलंय. उडती तांबडी पूड नाही, दुसरं झाड नाही. त्या टिकलीतली जाड सालीची बीजं ओल मिळाली की जागच्या जागी रुजतात. पावसाळी रात्रीनंतर सकाळी टिकलीवर करडी-पांढरी झाक दिसते, ती याच रुजण्याची. ती झाक पाहून "ताई, तांबेऱ्यावर भुरी चढली" असं सांगणारे दोघं-तिघं मला भेटलेत.

हा तांबेरा सोयाबीनच्या तांबेऱ्याचा कोणी नाही. सोयाबीनचा तांबेरा शेंगवर्गातल्या झाडांवर जगतो. गोखरू लाल झालं म्हणून सोयाबीनवर फवारणं म्हणजे शेजाऱ्याला ताप आला म्हणून आपल्या म्हशीला सुई टोचणं.

पानामागे पांढरे, चकचकीत, फुगीर फोड असतील आणि ते तांदुळजावर किंवा माठावर असतील, तर तोही वेगळाच मामला. तो भाजीचा पांढरा तांबेरा. नाव तांबेऱ्याचं, पण शास्त्रज्ञ आता त्याला खऱ्या बुरशीत धरत नाहीत. धुऱ्यावर दोन्ही झाडं शेजारी असतात म्हणून सांगितलं.

तिसरी तपासणी: मुंग्या आहेत का?

ही तपासणी मी पूर्वी शेवटी ठेवत असे. आता नाही, आणि का ते सांगते.

दोन वर्षांपूर्वी आमच्याच वावरात, विहिरीकडच्या धुऱ्यावर, गाजरगवत कंबरेएवढं झालं होतं. शेंड्याला पांढरं दिसत होतं. दीर म्हणाले, "वहिनी, पाह्यता का?" मी बांगड्या सावरत लांबूनच पाहिलं, म्हटलं भुरी आहे, भाऊजी, त्याचं तेच मरेल. आदल्याच दिवशी गावात तिघांना "फवारू नका" सांगून आले होते, त्याच तंद्रीत होते. वीस दिवसांनी धुऱ्याकडच्या चार तासांतली (ओळींतली) पराटी आखडली. शेंडे मुरडले, पानं चिकट झाली, खोडावरून काळ्या मुंग्यांची रांग. तो पिठ्या ढेकूण होता. गाजरगवतावर वाढला आणि गवत वाळायला लागलं तसा पराटीवर उतरला. सासूबाई नंतर महिनाभर प्रत्येक पांढऱ्या गोष्टीकडे बोट दाखवून "ही भुरीच ना?" विचारत होत्या, पिठाच्या डब्यासकट.

पिठ्या ढेकूण ही कीड आहे. अंगावर मेणाचा पांढरा थर, खाली मऊ शरीर. काडीने पुंजका दाबला की पिवळसर-तांबूस पाणी निघतं, पाय हलताना दिसतात. तो रस शोषतो आणि गोड चिकटा सोडतो. त्या चिकट्यासाठी मुंग्या येतात आणि मुंग्याच त्याची पिल्लं या झाडावरून त्या झाडावर नेतात. भुरीला मुंग्या येत नाहीत, तिच्यात गोड काही नाही. म्हणून पांढरं अधिक मुंग्या म्हणजे कीड, असं डोळे मिटून धरा.

यात करायचं काय? गाजरगवत उपटून वावरात टाकू नका. ही चूक सगळेच करतात, मजूर बाया तर हमखास, कारण उपटलेलं निंदण तासात टाकायची सवय. झाड वाळलं की ढेकूण चालत पराटीवर जातात. शेंडे कापून पिशवीत भरा, वावराबाहेर नेऊन जाळा किंवा खोल पुरा. पराटीचे लागलेले शेंडेही तसेच. मग पुंजक्यांत नीट पाहा: तपकिरी, फुगलेले, चामड्यासारखे कडक झालेले ढेकूण दिसतात का? त्यांच्या पोटात एनासियस नावाची बारीक गांधीलमाशी वाढत असते. असे कडक ढेकूण बरेच असतील तर आठवडाभर थांबा. ती माशी पंपापेक्षा नेटकं काम करते, आणि पंप तिलाच आधी मारतो.

करडीवरची काळी काजळी याच घरातली. तिथे चिकटा सोडतो तो मावा. काजळी ही बुरशी खरी, पण ती पान खात नाही, पानावर सांडलेला चिकटा खाते. मावा गेला की काजळीला खायला उरत नाही. काजळीवर बुरशीनाशक मारणाऱ्याने पैसे पानावर ओतले.

चौथी: नातं पाहा

माझ्या मते सगळ्यात उपयोगाची तपासणी ही, पण तिला थोडा अभ्यास लागतो.

धुऱ्यावर उभं राहा आणि मोजा, कोणकोणत्या झाडांवर हे पडलंय आणि कोणत्या झाडांवर नाही. भुरी आणि तांबेरा सोयरीक पाहूनच घर करतात. दोघीही जिवंत पेशीतच जगतात. पेशी मेली की त्याही मेल्या. पेशीला न मारता तिच्या आत टोक घालून महिनाभर रस ओढायचा, तर त्या झाडाचा स्वभाव अंगी मुरलेला हवा. म्हणून एक भुरी एका कुळात, पुष्कळदा एका-दोन झाडांतच फिरते.

धुऱ्यावरच्या या बहुतेक फुलझाडांचं कूळ म्हणजे सूर्यफुलाचं. ओळखायचं कसं? फूल फाडून पाहा. सूर्यफुलाचं "एक फूल" म्हणजे शेकडो बारीक फुलांची एक ताटली. एकदांडीचं पिवळं फूल घ्या, नखाने मधून चिरा, आत बारीक नळ्यांसारखी फुलं मोकळी होतात. माका, सहदेवी, गोरखमुंडी, पाथरी, ओसाडी, गाजरगवत, सगळे त्यातलेच. गोखरूही, फक्त त्याने फुलाचा थाट सोडलाय. पिकांत सूर्यफूल, करडी. बागेत झेंडू, शेवंती, झिनिया. पराटी यात नाही, ती भेंडी-अंबाडीच्या कुळातली. सोयाबीन-तूर शेंगवर्गातली.

आता पराटीवरचं ते पांढरं. तो दहिया. त्याची बुरशी वेगळी, ती पराटीचीच. डाग शिरांच्या चौकटीत अडकलेले, कोनाकोनांचे, पानाच्या मागून जास्त. गोखरूवरची भुरी मात्र शिरा-बिरा पाहत नाही, वाटोळी पसरत जाते. दहिया येतो तो मागच्या वर्षीच्या पराटीच्या पाल्यापाचोळ्यातून, धुऱ्यावरून नाही. मग दोन्ही एकाच आठवड्यात कसे दिसतात? रात्री गारवा, सकाळी दव, दिवसा ऊन, दाटलेलं पीक, ही हवा दोघांनाही मानवते. गोखरू धुऱ्यावर उघडं असतं म्हणून आधी नजरेत येतं, पराटीची खालची पानं वाकून पाहिल्याशिवाय दिसत नाहीत. एकाच पावसात दोघं भिजले म्हणून एकाने दुसऱ्याला भिजवलं असं होत नाही.

बोंडं फुटायला लागल्यावर खालच्या जून पानांवरच्या दहियासाठी मी कोणाला फवारायला सांगत नाही. ती पानं तशीही गळायची. दहिया लवकर आला, पात्या (कळ्या) आणि फुलांच्या वेळी, आणि वर चढत असेल, तर गोष्ट वेगळी.

या नात्याच्या नियमाला एक अडचण आहे, तीही सांगते. कोहळ्याच्या वेलावरची (लाल भोपळ्याच्या) भुरी पुस्तकात पाहाल तर नाव दिसेल पोडोस्फेरा झँथी. झँथियम म्हणजे आपलं गोखरूच. बुरशीचं नाव गोखरूवरून पडलंय. म्हणजे गोखरूची भुरी कोहळ्यावर जाते का? एका नावाखाली या भुरीचे कितीतरी प्रकार आहेत आणि त्यांची आवडती झाडं वेगवेगळी आहेत. नाव सारखं म्हणून चढेलच असं नाही. मी एवढंच करते: काकडी-कोहळ्याच्या मांडवाला लागून गोखरू ठेवू देत नाही, पण त्यापायी दूरचा धुरा साफ करायला लावत नाही. आणि कोहळ्याच्या काही जातींच्या पानांवर शिरांच्या बेचक्यात उपजतच रुपेरी-पांढरे पट्टे असतात. ते पुसून जात नाहीत, नव्या पानावरही तसेच येतात. त्याला औषध नाही, कारण तो रोगच नाही.

पाचवी: चिकटपट्टी आणि भिंग

पारदर्शक सेलोटेप पांढऱ्या थरावर हलके दाबा, उचला, काळ्या कागदावर चिकटवा. दहा पटीचं भिंग शे-दीडशेत मिळतं. धूळ असेल तर वेडेवाकडे खडे दिसतात. पिठ्या असेल तर पाय दिसतात. भुरी असेल तर पिठासारखे एकसारखे बारीक कण आणि अधूनमधून धाग्याचे तुकडे.

आमच्या गावच्या शाळेत फोल्डस्कोप (कागदाचा सूक्ष्मदर्शक) आहे, साधारण १४० पट मोठं दाखवतो. त्यात हीच चिकटपट्टी घातली तर भुरीची बीजं तांदळाच्या दाण्यासारखी, एकामागे एक माळेत ओवलेली दिसतात. गोखरूच्या तांबेऱ्याची टिकली सुईने खरवडून पाहिली, तर प्रत्येक बीज दोन खोल्यांचं, खाली दांडी. आठवीतल्या एका पोराने त्याचं चित्र काढून खाली लिहिलं, "भुईमुगाची शेंग". इतकं नेमकं वर्णन मला सुचलं नसतं.

जानेवारीकडे भुरीच्या थरात मोहरीहून कितीतरी बारीक काळे ठिपके दिसले तर घाबरू नका, ती भुरीचीच उन्हाळा काढायची सोय आहे. आणि त्याच थरात पिवळाधमक, पाठीवर एकही ठिपका नसलेला छोटा ढालकिडा दिसला तर त्याला मारू नका. तो भुरी खातो, पान नाही. त्याने चरलेल्या जागी पान हिरवं, स्वच्छ दिसतं.

सहावी: डबा, आणि मग कुंडी

झेंडूच्या डागांसाठी डब्याची तपासणी कामी येते. जेवणाचा प्लास्टिकचा डबा, तळाला ओला करून पिळलेला कागद, वर दोन काड्या, काड्यांवर डागाळलेलं पान, झाकण. सावलीत दोन दिवस. डागावर काळसर, मखमली लव आली तर करपा. हा करपा मेलेल्या पेशीवरही जगतो म्हणून डब्यात वाढतो. भुरी-तांबेरा डब्यात वाढणार नाही, पान मेलं की तेही थांबतात. तिसऱ्या दिवसानंतर डब्यात जे काही उगवेल त्यावर विश्वास ठेवू नका, तेव्हा शिळ्या भाकरीवरची बुरशीही तिथे हजेरी लावते.

कुंडीची तपासणी शंका फारच छळत असेल तरच. गोखरूचं भुरी आलेलं पान घेऊन तीन रोपांवर झटकायचं: गोखरू, पराटी, कोहळं. दहा दिवस पाहायचं. आम्ही शाळेतल्या मुलांबरोबर केलं. आठव्या दिवशी गोखरूचं रोप पांढरं, पराटी स्वच्छ. कोहळ्यावर एक ठिपका आला, पण त्यावरून काही ठरवता आलं नाही, कारण आमच्या परसातला भुरी आलेला वेल कुंडीपासून दहा पावलांवर होता. कुंड्या लांब ठेवायच्या, हे आम्ही विसरलो.

खरीच भुरी असेल आणि झाड आपलं असेल तर

झिनिया, झेंडू, सूर्यफुलासाठी क्रम असा. आधी खालची लागलेली पानं काढा. मग दाटी मोडा, ऊन आणि वारा आत जाऊ द्या. युरिया थांबवा, कारण लुसलुशीत पाल्यावर भुरी जास्त फोफावते. पाणी वरून पडलं म्हणून भुरी आली, हा समज सोडा. तिच्या बीजाला रुजायला पानावर पाणी लागत नाही, उलट जोराचा पाऊस ती धुऊन नेतो. सावली आणि कोंदटपणा तिला हवा असतो.

एवढ्यावर भागलं नाही तर पाण्यात विरघळणारं गंधक, वेष्टनावर लिहिलेल्या मात्रेत, सकाळी किंवा संध्याकाळी. भर उन्हात गंधकाने पानं भाजतात, काकडीवर्गीय वेलांची तर लवकर. तेलकट औषध मारलं असेल तर पंधरा दिवस गंधक नको.

आणि एकाच पंपात तीन औषधं कालवू नका. एका दुकानातून आमच्या गावच्या एकाला दोन बुरशीनाशकं आणि एक कीटकनाशक "एकदमच मारा, झंझट मिटते" म्हणून दिलं होतं, तेही धुऱ्यावरच्या धुळीसाठी. २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन माणसं दगावली, ते आमच्याकडे कोणी विसरलेलं नाही. नको असलेली एक फवारणी वाचली म्हणजे नुसते पैसे वाचत नाहीत.

धुरा सगळा साफ करावा का, हेही विचारतात. गाजरगवत तेवढं काढा, फुलावर येण्याआधी, हातमोजे घालून. १९५५ च्या सुमारास पुण्यात ते पहिल्यांदा नजरेत आलं आणि आता त्याच्याशिवाय धुरा दिसत नाही. त्याच्या परागकणांतून फुलकिड्यांमार्फत एक विषाणू सूर्यफुलावर आणि इतर पिकांवर जातो, गाजरगवत स्वतः मात्र निरोगी दिसत राहतं. "बुरशीनंच मरेल की ते," असं म्हणणारेही आहेत. ऑस्ट्रेलियाने १९९१ मध्ये मेक्सिकोतला तांबेरा त्याच्यावर मुद्दाम सोडला होता, खरं आहे. पण त्या तांबेऱ्याला थंडी आणि दव लागतं, आपल्या उन्हात त्याच्या भरवशावर बसू नका. आपल्याकडे १९८४ पासून सोडलेला मेक्सिकन भुंगा पावसाळ्यात बऱ्यापैकी चरतो, तो दिसला तर त्या तुकड्यावर तणनाशक मारू नका. एकदांडी, सहदेवी, माका राहू द्या. त्यांच्यावर मधमाश्या येतात.

गाजरगवताची फुलं हिरवी होऊन पानासारखी झाली असतील तर ती बुरशी नाही. तो फायटोप्लाझ्मा, म्हणजे जिवाणूसारखा सूक्ष्म जीव, तुडतुड्यांनी पसरवलेला. झाड उपटा, औषध शोधू नका.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

पिकातच झाडं मरायला लागली, शेंडे काळे पडून वाळले, खोडावर काळ्या रेघा आल्या: घरच्या तपासण्या बंद. विषाणू असू शकतो आणि ते भिंगाने कळत नाही.

एकदा बरोबर औषध बरोबर मात्रेत मारूनही दहा दिवसांत फरक नाही: दुसरं औषध बदलून पाहू नका. निदान चुकलंय किंवा बुरशी त्या औषधाला सरावली आहे. दोन्हींचं उत्तर दुकानात नाही.

सूर्यफूल किंवा करडी बियाण्यासाठी घेतलं असेल तर पहिल्या डागालाच विचारा. करडीचा करपा बियाण्यातूनही पुढच्या वर्षी जातो.

गाजरगवत उपटल्यावर हातावर, मानेवर खाज, पुरळ आलं आणि दोन दिवसांत गेलं नाही, किंवा दम लागला, तर कृषी केंद्रात नाही, दवाखान्यात जा. फवारताना चक्कर, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच, आणि औषधाचा डबा सोबत न्या. डॉक्टरला नाव हवं असतं.

पिकासाठी जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र, नाहीतर अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा वनस्पती रोगशास्त्र विभाग. नुसतं विचारायचं असेल तर किसान कॉल सेंटर, १८००-१८०-१५५१, मराठीत बोलतात.

नमुना नेताना प्लास्टिकच्या पिशवीत भरू नका. पान घामेजतं आणि पोहोचेपर्यंत मूळ बुरशीवर दुसरीच चढते. वर्तमानपत्राच्या घड्यांत पानं सपाट ठेवा, एका घडीत लागलेली, दुसऱ्या घडीत त्याच झाडाची चांगली. शनिवारी पाठवू नका, रविवारभर गठ्ठा पडून राहतो. वर कागद लावा: गाव, पीक, पेरणीची तारीख, डाग पहिल्यांदा कधी दिसले, आणि मागच्या पंधरा दिवसांत काय काय फवारलं. शेवटचं लिहायला लोक लाजतात. तीन औषधं कालवली असतील तर तिन्ही लिहा. पान औषधानेच भाजलं असेल तर तिथल्या माणसाने बुरशी शोधत का बसावं?